काळ्या कोटाचे उभे धागे

९ फेब्रुवारी

ती. वन्सं यांस,

नमस्कार. तुमचे गुडघे बरे असतील, मोतीबिंदू काढलेला डोळा नीट काम देत असेल. यापुढे 'इकडील सर्व क्षेम' लिहायची पद्धत आहे. ते वाक्य मी गाळते, कारण चार ओळींनी मलाच ते खोडावं लागेल.

एक कोट अर्धा राहिला आहे. तो पुरा करील असं माणूस तुमच्याखेरीज मला माहीत नाही, म्हणून हे पत्र. एरवी तुम्ही मला लिहीत नाही, मी तुम्हाला लिहीत नाही, ही आपली घडी चांगली बसली होती. ती मोडायची मला हौस नव्हती.

कोट काळा, लोकरीचा, जाड आणि जुना. मालक वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवतात. डाव्या खांद्याशी, जिथे वाद्य टेकतं, तिथलं कापड वर्षानुवर्षं घासून विरलं आणि शेवटी फाटलं. भोक अंगठ्याने झाकणार नाही एवढं आहे. वाद्यवृंदाचे लोक नवा कोट द्यायला तयार आहेत, पण हे गृहस्थ घेत नाहीत.

"नव्या कोटावर घसरतं, बाई."

"काय घसरतं? वाद्य की सूर?"

"आधी वाद्य. मग त्याच्यामागोमाग सूर."

मी परत द्यायची तारीख विचारली. ते म्हणाले, घाई नाही. तारीख घातल्याशिवाय मी कपडा ठेवून घेत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. त्यावरून तुम्ही मला 'तारीखवाली' म्हणायचात, माझ्या पाठीमागे, पण मला ऐकू येईल एवढ्या आवाजात. तर मी तारीख घातली. ती उलटून गेली. व्हायोलिनवाले दोनदा येऊन गेले, आणि दोन्ही वेळा कोटाबद्दल न विचारता ह्यांच्या तब्येतीची चौकशी करून गेले. मला ते आवडलं नाही. गिऱ्हाइकाने कपडा मागावा.

आता तब्येतीचं. ह्यांच्या पोटाचं ऑपरेशन झालं एवढं तुमच्या कानावर आलं असेल. जास्त कळवू नकोस, अशी मला ताकीद होती. "ताई आपणहून विचारील तेव्हा सांग." तुम्ही विचारलं नाहीत, ह्यांनी सांगितलं नाही. एकाच आईची दोन मुलं, दुसरं काय! आज मी ताकीद मोडते आहे.

तुम्ही आपल्या रफूच्या दुकानातून गेलात त्याच्या पुढच्याच हिवाळ्यात ह्यांचा चेहरा पांढरा पडायला लागला. जिना चढताना धाप लागायची. मी म्हटलं, वय झालं. एके दिवशी सुईत दोरा ओवता ओवता कपड्यावरच कलंडले. दवाखान्यात कळलं की आतल्या आत रक्त जात होतं. लहान आतड्याच्या भिंतीत गाठ होती.

आमच्या डॉक्टरीणबाई वयाने लहान आहेत, पण तोंडदेखलं गोड बोलत नाहीत, म्हणून माझं त्यांच्याशी जमलं. त्यांनी कागदावर आतडं काढून दाखवलं. ही गाठ आतल्या अस्तरातून उगवत नाही, भिंतीतून उगवते. हे म्हणाले, "म्हणजे अस्तर नाही, मूळ कापडच." त्या म्हणाल्या, "हो. मूळ कापड." तेव्हापासून दोघांची भाषा जुळली आणि मी बाजूला बसून ऐकायची.

नेहमीच्या केमोला, किरणांना ही गाठ दाद देत नाही. कापून काढणं हा पहिला उपाय, आणि गोळी हा दुसरा. गाठ काढली, पण ती आधीच फुटली होती. फुटलेली गाठ पोटात कण सोडते, ते डोळ्यांना दिसत नाहीत. ती मोठी होती, वाढही जोरात होती, म्हणून तीन वर्षं रोज गोळी घ्यायची असं ठरलं. इमॅटिनिब तिचं नाव. गाठीच्या पेशींत बिघाड कुठल्या जागी आहे ते तपासलं. काही बिघाडांवर ही गोळी चालत नाही, ह्यांच्या बिघाडावर चालणार होती. "नशीब चांगलं आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मी घरी येऊन खूप दिवसांनी पोटभर जेवले.

गोळी जेवणाबरोबर आणि पेलाभर पाण्यासोबत. मी समोर उभी राहायची. "तोंड उघडा. जीभ वर करा."

"शाळा सुटून इतकी वर्षं झाली, आणि आता ही बाई वर्गावर आली," असं हे मलाच ऐकवायचे.

मी तोंड उघडायला लावायची, त्याला कारण होतं. त्या गोळीने सकाळी डोळे सुजायचे, पापण्या फुगून डोळ्यांच्या नुसत्या फटी उरायच्या. काळ्या कपड्यावर काळा दोरा दिसायला सकाळचाच उजेड लागतो, दिव्याखाली सगळंच काळं एक होतं, हे मी तुम्हाला काय सांगणार. काळं काम आलं की तुमचा भाऊ गोळी चुकवायला बघायचा. आमची भांडणं शेजारच्या धुलाईवाल्यापर्यंत जायची. शेवटी काळं काम घेणंच मी बंद केलं. दुकानात तशी पाटी लावली. गिऱ्हाईक तुटलं तर तुटलं.

तीन वर्षं झाली, गोळी थांबली, डोळे उतरले. मी पाटी काढली. उन्हाळाभर ह्यांनी काळं काम केलं, असं की भोक कुठे होतं ते मलाही सापडू नये.

मग तपासणीत यकृतावर ठिपके दिसले, पोटाच्या आतल्या आवरणावरही दिसले. गोळी पुन्हा सुरू झाली. पहिल्यांदा ठिपके दबले. नंतर त्यांतला एक ऐकेना. गोळी वाढवली. मग दुसरी गोळी आली, तिने डोळे सोडले आणि हात धरले. तळहात लाल झाले, सोलले, बोटांची टोकं भाजल्यासारखी झाली. भुवया पांढऱ्या झाल्या. सुई धरता येईना. अंगुस्तान बोटावर चढेना.

या सगळ्यात कोट आला. मी परत करणार होते, ह्यांनी ठेवून घेतला. काही दिवस बसून काम केलं आणि मध्येच सोडलं. मी कपडा उलटून पाहिला. भोकावर उभे धागे सगळे घातले आहेत, एकसारखे, ताठ. आडवा एकही नाही. खिडकीला गज लावून ठेवल्यासारखं दिसतं.

तुमच्या घरची रीत मला माहीत आहे. मोठं भोक असलं की दोन माणसं. उभे धागे एकाने घालायचे, आडवे दुसऱ्याने भरायचे. घालणाऱ्याला आपली चूक दिसत नाही, भरणाऱ्याला दिसते, असं सासूबाई म्हणायच्या. तुम्ही घालत होता, हे भरत होते. तुम्ही तुमचं स्टूल उचलून गेल्यापासून हे एकटेच दोन्ही करत आले. या वेळी अर्ध्यावरच थांबले. थकले असतील.

औषध बदललं आहे, आणि चालू आहे. तपासण्याही चालू आहेत.

तुमच्या माहितीत दुसरा कोणी रफूगर असेल, जो हे काम पुरं करील, तर पत्ता कळवा. व्हायोलिनवाल्यांना मी नवी तारीख देईन.

कळावे,
तुमच्या भावाची बायको


२ मार्च

ती. वन्सं यांस,

नमस्कार. तुमचं पत्र आलं. पाकीट फोडताना वाटलं, निदान पानभर तरी असेल. चार ओळी! त्यांतल्या तीन कोटाबद्दल. मी ते ह्यांना मोठ्याने वाचून दाखवलं:

'कापडाची वीण सरळ की तिरपी? दोरा कुठून काढला? उभे धागे एकपदरी घातलेत की दुपदरी? दुसरा रफूगर माझ्या माहितीत नाही, असता तरी त्याचा पत्ता तुला दिला नसता.'

हे हसले. पोट धरून हसता येत नाही, म्हणून उशीवर डोकं टेकून, डोळे मिटून हसले. "ताईच," म्हणाले. "पत्ता दिला नसता! ऐकलंस?"

"ऐकलं. भावाची चौकशी एका शब्दाने नाही."

"अगं, एकपदरी की दुपदरी विचारलंय ना? ती चौकशीच आहे."

तर उत्तरं. वीण तिरपी. दोरा कोटाच्याच आतल्या शिवणीतून काढला आहे, बगलेजवळून, तिथे कापड दुमडलेलं होतं म्हणून रंग उडालेला नाही. उभे धागे एकपदरी आहेत. हे म्हणतात, दुपदरी घातले असते तर खांद्यावर फुगवटा आला असता आणि वाद्याला टोचला असता. हे उत्तर ह्यांनी सांगून लिहवून घेतलं, शब्द त्यांचे आहेत.

मग मी विचारलं. सरळ विचारलं, मला आडून विचारता येत नाही. "एवढे सगळे उभे घातलेत, मग चार आडवे घालायला काय झालं होतं? हात गेले होते म्हणावं, तर शेवटचा धागाही पहिल्याइतकाच ताठ आहे."

ह्यांनी प्यायला मागितलं. मी पाणी आणून दिलं. पाणी प्यायल्यावर म्हणाले, "ते माझं काम नाही."

"कोणाचं?"

"आयुष्यभर तिने घातले, मी भरले. आणि भरताना मी तिच्या चुका काढल्या. 'ताई, हा सैल आहे. ताई, हा दोन धाग्यांवरून गेलाय.' किती वर्षं ऐकून घेतलं तिने! आता एकदा उलटं होऊ दे. तिला माझ्या चुका काढू दे."

वन्सं, मी तीस वर्षं पाणी तपासलं आहे. प्रयोगशाळेत बाटल्या यायच्या, मी तपासायची आणि खाली एक ओळ लिहायची: पिण्यास योग्य, किंवा अयोग्य. खाली सही. अर्धं योग्य असं काही नसतं. माणसाचं म्हणणंही मी तसंच वाचत आले. काम अर्धं सोडलं म्हणजे माणूस थकला. हे अर्धं सोडलेलं नव्हतं. ह्यांच्या बाजूने हे पूर्णच होतं, आणि उरलेलं तुमच्यासाठी ठेवलं होतं. घरात बसून मला ते कळलं नाही, आणि तुम्हाला मात्र माझ्या पत्रातून कळलं असावं. नाहीतर 'एकपदरी की दुपदरी' हे कशाला विचाराल?

आता जे मागच्या पत्रात लिहिलं नाही ते लिहिते.

औषध चालू आहे, असं मी लिहिलं होतं. ते खरं होतं. लागू आहे, असं मी लिहिलं नव्हतं.

दुसरी गोळी थकली तेव्हा डॉक्टरीणबाईंनी तिसरी सांगितली. ती लगेच सुरू करायची होती. हे म्हणाले, "हात?" त्या म्हणाल्या, "हातांना हीसुद्धा त्रास देते." हे म्हणाले, "मग थोडे दिवस थांबू. हात बरे होऊ देत. एक काम आहे."

मी म्हटलं, "कसलं काम? कोट?"

"कोट."

मी डॉक्टरीणबाईंसमोरच बोलले. घरी बोलायला हवं होतं, पण मला धीर नव्हता. म्हटलं, कोट गेला खड्ड्यात. हात गेले तर जाऊ देत, माणूस राहील. मी जेवण भरवीन, अंगात कपडे घालीन, वाचून दाखवीन. रफूगराला हात नसले म्हणून काय तो मेला?

तुमचा भाऊ माझ्याकडे बघत होता. रागाने नाही. गिऱ्हाइकाने भलतंच काही मागितलं की तो जसा बघतो, तसा. म्हणाला, "तू म्हणतेस तसं होईल. गोळी घेईन मी. फक्त आधी कोट."

डॉक्टरीणबाईंनी माझी बाजू घ्यायला हवी होती. त्या म्हणाल्या, थोडे दिवस थांबलं तर चालेल. मी त्यांच्याशी बाहेर जाऊन भांडले. "चालेल म्हणजे काय? काही बिघडणार नाही, असं लिहून देता?" त्या म्हणाल्या, "बाई, मी काहीच लिहून देऊ शकत नाही."

त्या मोकळ्या दिवसांत बोटांवर नवी कातडी आली, गुलाबी, पातळ, लहान मुलासारखी. त्या बोटांनी ह्यांनी उभे धागे घातले. रोज सकाळी, उजेड खिडकीतून सरकेपर्यंत. मी आत आवराआवर करत बसायची आणि मुद्दाम भांडी वाजवायची. ह्यांनी एकदाही वर पाहिलं नाही. शेवटचा धागा घातला, सुई खोचून ठेवली, हात पुढे केला आणि म्हणाले, "आण तुझी गोळी."

तिसरी गोळी चालली नाही. पोट फुगायला लागलं, मला वाटलं जेवण वाढलं म्हणून. ते पाणी होतं. नवीन फोटोत यकृतावरचे ठिपके एकमेकांना चिकटले आहेत. गोळी थांबवली आहे. चौथी म्हणून एक आहे, पण ती घेण्याएवढी ताकद आता अंगात नाही, असं त्यांचं मत. पोटातलं पाणी काढतात, दोन दिवस मोकळं वाटतं, पुन्हा भरतं.

मी विचारलं, ते कोटाचे दिवस नडले का? त्या म्हणाल्या, "सांगता येत नाही. बहुतेक नाही. गाठ गोळीला सरावली होती. एक बिघाड गोळी दाबते, तर दुसऱ्या जागी नवा होतो." हे पलंगावरून ऐकत होते. म्हणाले, "रफू टिकतो, शेजारचं कापड जातं. जुन्या कपड्याचं असंच असतं. त्यात रफूगराचा दोष नाही." डॉक्टरीणबाईंचं समाधान करत होता तुमचा भाऊ! त्यांचे डोळे भरून आले, त्या खिडकीबाहेर बघायला लागल्या, आणि मला धड राग धरता येईना.

किती, हेही मी विचारलं. या आजाराचे लोक गोळीवर पाच पाच, दहा दहा वर्षं काढतात, मी वाचलेलं आहे. अजूनही वाचते. त्या म्हणाल्या, हो, काढतात. काहींची पहिलीच गोळी कित्येक वर्षं पुरते, काहींच्या तिन्ही लवकर संपतात. कोण कुठल्या गटात जाणार हे आधी कळत नाही.

मला आधी कळलेलंच काम करता येतं, वन्सं. मी औषधांच्या वेळा पाळल्या, पाणी उकळून दिलं, मोठा पेला, तोंड उघडा, जीभ वर करा. प्रत्येक गोळी आत गेलेली मी डोळ्यांनी पाहिली. अजून करण्यासारखं काही असतं तर ते मी केलं असतं. आता काही सांगत नाहीत. 'आराम पडेल असं बघा,' एवढंच. ते कसं बघतात? मी दिवसभर चादरीच्या सुरकुत्या काढते. हे म्हणतात, "बस गं जरा. चादरीलाही आराम पडू दे."

तुम्हाला या म्हणत नाही. मशीन आणलं तेव्हा तुम्ही काय बोलून गेलात ते मला पाठ आहे: 'मशीनवर टाके मारणाऱ्याच्या शेजारी मी बसत नाही.' हेही तेव्हा काही कमी बोलले नव्हते. धुलाईवाल्याने स्वस्तातली कामं लावून दिली होती, ह्यांना वाटलं, तुमच्या डोळ्यांवरचा ताण कमी होईल. हे त्यांनी तुम्हाला सांगितलं नाही, कारण तुमच्या डोळ्यांबद्दल बोललेलं तुम्हाला खपत नव्हतं. मी मध्ये पडले नाही. तुमच्या दोघांच्या मध्ये पडून कोणाचं भलं झालं आहे?

कोटाचं काय करायचं ते कळवा.

तुमची भावजय

ता. क. ह्यांनी विचारायला सांगितलं आहे की डावा डोळा बारीक वीण धरतो का.


११ मार्च

ती. वन्सं,

तुमचं दुसरं पत्र म्हणजे एकच ओळ. 'डोळा धरतो. मशीन अजून आहे का?'

नाही. परवा धुलाईवाल्याला बोलावून देऊन टाकलं. तो म्हणाला, "बाई, चालू मशीन आहे, असं कसं देता?" म्हटलं, "चालू आहे म्हणूनच देते. उचल." त्याने आणि त्याच्या भावाने धरून नेलं. हे आतून ऐकत होते. म्हणाले, "बरं झालं. मी केव्हापासून सांगतोय, जागा अडवतं म्हणून." मी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. पूर्वीची मी असते तर तासभर ऐकवलं असतं.

मशीन हललं तेव्हा खालची फरशी दिसली. तुमच्या स्टुलाच्या चार पायांचे वळ तिथे तसेच आहेत. ह्यांनी मशीन नेमकं तुमच्याच जागेवर ठेवलं होतं. तिथे दुसरं कोणी बसू नये म्हणून, की ती जागा बघवत नव्हती म्हणून, ते मी आता विचारत नाही. त्यांना बोलताना दम लागतो, आणि ज्या शब्दांवर दम खर्च करायचा ते मी निवडून ठेवते. मी फरशी पुसली. वळ गेले नाहीत. जाऊ नयेत असंच पुसलं.

पलंग दुकानातल्या खिडकीशी आणला आहे. ह्यांची मागणी. सकाळचा उजेड तोंडावर येतो. चेहरा बारीक झाला आहे, डोळे मोठे दिसतात. त्या पहिल्या गोळीची सूज आता अजिबात नाही. इतकं स्वच्छ दिसत असेल त्यांना, आणि बघायला नुसती समोरची भिंत.

आज सकाळी व्हायोलिनवाले आले. पुढच्या आठवड्यात त्यांचे कार्यक्रम तुमच्या बाजूला आहेत. मी म्हटलं, तुमचा कोट तुम्हीच घेऊन जा, पण घालायला नाही. पोचवायला. त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही. वाद्याची पेटी खाली ठेवली आणि दोन्ही हातांनी कोट घेतला. ह्यांनी त्यांना जवळ बोलावून सांगितलं, "खांद्याकडून घडी घालू नका. धागे उघडे आहेत."

"घडी घालतच नाही. हातावर नेतो."

"आणि पाऊस लागला तर?"

"तर माझा अंगातला काढून याच्यावर घालतो."

हे मला म्हणाले, "बघ, हे खरं गिऱ्हाईक." मग त्यांनी उशीखालून अंगुस्तान काढलं. माझ्या हातात दिलं नाही, व्हायोलिनवाल्यांच्या हातात दिलं. "ताईला द्या. आईचं आहे. तिचं बोट माझ्याहून बारीक आहे, आत थोडी कापडाची पट्टी घालावी लागेल. ते तिला कळेल."

ते गेल्यावर मी म्हटलं, "अंगुस्तान कशाला दिलंत? कोट भरून झाला की आणून द्यायला ताई येणारच आहेत."

"येईल ना."

"मग?"

"मग काय? सुई बोटात घुसू नये म्हणून दिलं." आणि डोळे मिटले.

तुम्ही मला कधी काही सांगितलं नाहीत आणि मी तुम्हाला कधी काही मागितलं नाही. आज मागते. कोट भरून झाला की टपालाने पाठवू नका, कोणाच्या हाती देऊ नका. स्वतः आणा. चुका काढा. सैल धागा असेल तर सैल म्हणा, मोठ्याने म्हणा, पलंगाशी उभं राहून म्हणा. एकही चूक सापडली नाही तर एखादी खोटी काढा. मी एरवी खोटं चालवून घेत नाही.

येताना स्टूल आणा.

दुकानाच्या रीतीप्रमाणे चिठ्ठी खाली लिहिते. एक प्रत तुम्हाला, एक माझ्याकडे.

पत्र आणणाऱ्यांच्या हाती दिलं:
कोट, काळा, लोकरी, एक. डाव्या खांद्याशी भोक. उभे धागे घातलेले, आडवे बाकी.
कोटाच्याच शिवणीतून काढलेला दोरा, कागदावर गुंडाळलेला. ह्यांच्या मते पुरून उरेल.
बारीक सुया, ह्यांच्या नेहमीच्या, कापडात खोचलेल्या.
अंगुस्तान, पितळी, जुनं.

देणार: मी.
घेणार: वन्सं.
परत द्यायची तारीख: ही तुम्ही घाला. माझ्याच्याने लिहवत नाही.

तुमची
तारीखवाली